मागची सीट

धनेश गेल्यावर महिन्याभरात मी ओवीला सायकलवरून शाळेत न्यायला लागले, आणि आमच्या बिल्डिंगने ठरवून टाकलं की माझं डोकं फिरलंय. फिरलं असतं तरी चाललं असतं, निदान काहीतरी झाल्यासारखं वाटलं असतं. मला काहीच वाटत नव्हतं. भूक लागली की जेवायचे, झोप आली की झोपायचे. लोक भेटायला येऊन रडायचे आणि मी त्यांना पाणी आणून द्यायचे.

धनेश माझा नवरा. ऑफिसात दुपारी त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. ओवी आमची मुलगी, दुसरीत आहे. तोवर तिला शाळेत सोडणं हे त्याचं काम होतं. करी रोडहून दादरपर्यंत बापलेक गाडीतून जायचे, आणि वाटेत काय काय गप्पा मारायचे ते मला कधी सांगायचे नाहीत. ती गाडी अजून खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. मला गाडी येत नाही. शाळेच्या व्हॅनवाल्याकडे वर्षाच्या मध्येच जागा नव्हती. टॅक्सी करून पाहिली, तर ओवी सगळा वेळ ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसायची, आणि ते मला बघवेना. सायकल मात्र मला येते. माहेरी कणकवलीला हायस्कूलला मी सायकलनेच जायचे. म्हणून एक सायकल आणली, मागे टेकू आणि पट्टा असलेली मुलांची सीट बसवून घेतली, आणि निघाले.

"अगो, एवढी गाडी खाली उभी आसा नि तू सायकल कित्याक हाकतंस?" शेजारच्या अप्पांनी लिफ्टमध्ये विचारलं. अप्पा धनेशच्या गावचे, वयाने मोठे, त्यांना काहीही विचारायचा परवाना आहे.

"गाडी येत नाही, अप्पा."

"मगे शीक." एवढं बोलून ते त्यांच्या मजल्यावर उतरले.

रस्त्यावर तर विचारूच नका. बाई सायकलवर आणि मागे पोर म्हटलं की प्रत्येकाला सल्ला द्यायचा असतो. भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला एक बाईकवाला हेल्मेटची काच वर करून सांगतो, "मॅडम, ये सेफ नहीं है." हे मला सांगणारा स्वतः फुटपाथवरून आलेला असतो. मी ओढणी कमरेला खोचते, डावी बाजू धरते आणि परळ टीटी, हिंदमाता करत दादर गाठते. खड्डा, बस, ब्रेक, पुन्हा खड्डा. दुसरं काही डोक्यात येऊच शकत नाही, आणि मला तेच हवं होतं. आवाज इतका असतो की मागचं काही ऐकू येत नाही. शाळेच्या गेटपाशी ओवी उतरायची, दप्तर घ्यायची, हात हलवायची आणि आत जायची. शहाणी मुलगी, असं मला वाटायचं.

रविवारी दीपिकाताईंचा फोन यायचा. ताई म्हणजे धनेशची मोठी बहीण, ठाण्याला राहतात. मनाने चांगल्या, पण एकदा काही मनात घेतलं की सोडत नाहीत. त्यांनी मनात घेतलं होतं की जूनपासून ओवीला आपल्याकडे न्यायचं.

"आमच्या गेटसमोरच शाळा आहे, प्राची. रस्ता ओलांडला की वर्ग. हे सायकलवरून जीव मुठीत धरून जाणं तरी बंद होईल. तू शनिवार-रविवार येत जा."

"ती इथे बरी आहे, ताई. जेवते, झोपते, अभ्यास करते. एकदाही रडली नाही."

"तेच म्हणते मी. तू रडली नाहीस, ती रडली नाही. मला तुमच्या घराची भीती वाटते."

ॲडमिशन बंद व्हायच्या आत सांग, म्हणाल्या. मी बरं म्हटलं. ओवी गेली तर आपलं काय होईल याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. सकाळी उठायला काही कारण राहणार नाही, एवढंच समोर आलं. याचं वाईट वाटायला हवं, हे मला कळत होतं. वाटत मात्र नव्हतं. ओवी रडत नाही, हा माझा एकच मुद्दा होता आणि मी तो धरून बसले होते.

तो मुद्दा राजरत्नने मोडला. राजरत्न ओवीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील, मूळचे डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतले. मुलाला स्कूटरवरून सोडतात. गेटपाशी नुसती ओळखीची मान हलवायची, एवढाच आमचा संबंध. त्या दिवशी मुलं आत गेल्यावर ते हेल्मेट हातात धरून तिथेच उभे राहिले.

"मॅडम, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला."

"मी रोज तुमच्या मागे-बाजूलाच असतो ना ट्रॅफिकमध्ये. ओवी रडते. भारतमातापासून सुरू होते ती पार दादर टीटीपर्यंत. आवाज नाही करत. तुमच्या पाठीला गाल लावते आणि रडते. शाळा जवळ आली की रुमालाने तोंड पुसून घेते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. पोराला मी सांगून ठेवलंय, वर्गात कोणाला बोलायचं नाही."

मला राग आला, आणि तोही त्यांच्यावर. त्या भल्या माणसाला मी धड उत्तरही न देता निघून आले. अर्ध्या वाटेवर कळलं की इतक्या दिवसांत मला काही वाटलं होतं ते हे पहिलंच. आंबेडकर रोडवरच्या बसच्या खिडक्यांना माहीत होतं, सिग्नलच्या हवालदाराला माहीत असणार, एका दुसरीतल्या मुलाला माहीत होतं. मी हाताच्या अंतरावर पायडल मारत होते.

त्याच दुपारी सायकलच्या दुकानात जाऊन हँडलला आरसा लावून घेतला, स्कूटरला असतो तसला. दुकानदाराला वाटलं, बसवाल्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी निघाल्या निघाल्या आरशात ओवीचा चेहरा दिसला. तिने मला बघितलं आणि ती हसली. नावडत्या पाहुण्यांसमोर फोटोला उभं केल्यावर मुलं हसतात तशी. परळ टीटीला पुन्हा बघितलं, तेव्हाही हसत होती. गाल कोरडे, पाठ ताठ, दोन्ही हात सीटच्या कडेला. माझ्या पाठीला कोणीही टेकलेलं नव्हतं. आठवडाभर ती अशीच हसत राहिली, आणि डबा तसाच घरी परत यायला लागला. काय झालं विचारलं की काही नाही म्हणायची. हे उत्तर ती माझ्याकडूनच शिकली होती.

मग मी मनाशी ठरवलं की ताईंचंच खरं. येत्या रविवारी हो म्हणून टाकायचं.

शनिवारी सकाळी मी सायकल बाहेर काढली, तर ओवी सीटवर चढेना.

"आई, तो आरसा काढ ना."

"का गं?"

"तू बघतेस त्यातून."

"मग बघू नको?"

ती बुटाने सायकलच्या टायरला हळूच ठोकत राहिली. "मला मागे बसून बाबाची आठवण काढायची असते. तू बघितलंस की नाही काढता येत."

"मग घरी काढ की. मी आहे ना घरी."

"घरी रडले तर तू मला पाणी आणून देशील," ओवी म्हणाली.

आरसा हाताने पिरगाळून काढला आणि पिशवीत टाकला. तिला वर बसवलं, पट्टा लावला.

परळ टीटीला रोजच्यासारखी सरळ गेले नाही. उजवीकडे भोईवाड्यात वळले आणि नायगावमार्गे मोठा वळसा घेतला. तिथे रहदारी कमी असते. थोडं पुढे गेल्यावर तिचा गाल माझ्या पाठीला लागला. मग हुंदका जाणवला, मग दुसरा. मी मागे वळले नाही आणि वेगही वाढवला नाही. शाळेत पोचलो तेव्हा गेट लावत होते, आणि बाई उशिराबद्दल मला बोलल्या. मी ऐकून घेतलं.

रविवारी ताईंचा फोन आला.

"ताई, ओवी इथेच राहील. मी तुम्हाला सांगत होते ते चूक होतं. ती रडते. रोज सकाळी, सायकलवर, माझ्या पाठीमागे बसून."

"अगं, मग तर तिला इकडेच..."

"तुमच्याकडे शाळा गेटसमोर आहे. रस्ता ओलांडला की वर्ग. मग ती रडणार कुठे?"

कुकरची शिट्टी झाली, ती त्यांच्याकडची होती. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि तू? तू कुठे रडतेस?"

"मला सायकल चालवायची असते, ताई."