साखर कमी झाली

ज्या वर्षी त्या रुग्णालयाच्या मधुमेह विभागात रुग्णांना शिकवण्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, एका सोमवारी सकाळी, तळमजल्यावरील त्या कक्षात पुढील संभाषण घडले. कक्ष म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. भिंतींना नवा रंग दिला होता, तरी जुन्या फळ्यांच्या खिळ्यांची भोके त्यातून डोकावत. एका टेबलावर मेणाची फळे मांडलेली, दुसऱ्यावर वापरलेल्या सुया टाकण्याचा पिवळा डबा. खुर्च्या मात्र निरनिराळ्या विभागांतून मागून आणलेल्या, त्यामुळे शेजारी बसलेले दोन रुग्ण कधीही एका उंचीवर नसत.

या कक्षात शिकवणाऱ्या परिचारिकेला रुग्ण ‘साखरबाई’ म्हणत. मधुमेहशिक्षणाचा अभ्यासक्रम त्यांनी रीतसर पुरा केला होता आणि आपल्या विषयातील नवे काही आले की ते वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या सोमवारी विभागप्रमुख डॉक्टर स्वतः खाली उतरून आले.

“शिक्षणप्रमुखाची जागा मंजूर झाली, बाई,” ते म्हणाले. “आधी काही महिने बाहेरगावी प्रशिक्षण, मग इथला सगळा कारभार. पहिला हक्क तुमचा. बोला.”

“मला कशाला ते, साहेब? घरी सासूबाई आहेत, मुलीची शाळा आहे. मी आपली शिकवते, तेच बरं.”

“वाटलंच होतं मला,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात सुटका होती. “मग औषधभांडाराच्या साहेबांना विचारतो. त्यांना हौस आहे.”

भांडाराच्या साहेबांनी आजवर एकाही रुग्णाला सुई धरायला शिकवले नव्हते. पण हौस ही पात्रता पुरुषाच्या अंगी असली, की तिला फारसे प्रश्न कोणी विचारत नाही.

डॉक्टर दाराशी पोचले तेव्हा साखरबाई चाचरत म्हणाल्या, “साहेब, मागेही एकदा बोलले होते. ते ‘साखर कमी झाली’ म्हणणं आपण बदलायला हवं. आपण सांगतो धोका म्हणून, आणि लोकांना ती खुशखबर वाटते.”

डॉक्टर हसले. “साखर वाढली, साखर कमी झाली. याहून सोपं काय सांगू? भाषा सुधारायला बसलो तर औषध कोण देणार?”

“नाही, तसं नाही. मी आपलं सहज म्हटलं.”

वाचकहो, हे शेवटचे वाक्य नीट ध्यानात घ्या. आपल्या घरांत, कचेऱ्यांत, शाळांत जाणत्या स्त्रिया ते दिवसातून कितीदा उच्चारतात, हे आपण कधी मनावर घेतले आहे काय? वर्षानुवर्षे पाहून, पडताळून बनलेले मत ओठांवर येते; समोरचा किंचित हसतो; आणि ते मत ‘सहज’ होऊन परत फिरते. साखरबाईंचे मतही तसेच परत फिरले आणि मेणाच्या फळांवरची धूळ पुसू लागले.

त्यांच्या रुग्णांत एक शिंपी होते. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, म्हणून सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणत. आणि मास्तर म्हटले की त्यांची पत्नी आपोआपच सगळ्यांची वहिनी झाली. मास्तरांना इन्सुलिन सुरू झाले तेव्हा सुई टोचायचे वहिनीच शिकल्या. तपासणीला दोघे येत. मास्तर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे खांदे नजरेने मोजत, आणि वहिनी सूचना ऐकून मान डोलवत.

“हे पथ्य पाळतात का हो?” डॉक्टर विचारत.

“माझ्यासमोर पाळतात,” वहिनी म्हणत. “माझी पाठ वळली की यांची जीभ वळवळते. आता डबाच कुलपात ठेवते साखरेचा.”

“तिनं मला काजपट्टी केलंय, साहेब,” मास्तर म्हणत. “जिथं भोक पाडील तिथं गप्प बसायचं.”

सगळे हसत, आणि डॉक्टर दरवेळी निरोपाचे तेच वाक्य बोलत : “चांगलं चाललंय. पण साखर अजून कमी झाली पाहिजे.” त्यानंतर साखरबाई आपल्या कक्षात तळमळून सांगत, “साखर एकदम कमी झाली तर घाम येतो, हात थरथरतो. अशा वेळी लगेच साखरेचं पाणी द्यायचं. समजलं ना?” वहिनी म्हणत, “समजलं.”

काय समजले होते? एकाच छपराखाली, एकाच सकाळी, एकाच तोंडवळ्याच्या शब्दांत एकाने जे मागितले, त्याचीच दुसरीने भीती घातली. दोन्ही वाक्ये वहिनींनी घरी नेली. पहिले डॉक्टरांचे होते आणि दरवेळी ऐकलेले होते. दुसरे बाईंचे होते आणि घाईत ऐकलेले होते. त्यांतले कोणते टिकले असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

एका दुपारी साखरबाई अतिदक्षता विभागासमोरून जात असता त्यांना वहिनी दिसल्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मास्तरांच्या गळ्यातली मापाची फीत त्यांच्या मुठीत होती.

“ताई,” वहिनी म्हणाल्या, “साखर तर कमी झाली होती हो. मग हे असं कसं झालं?”

साखरबाईंनी त्यांना धरून बाकावर बसवले.

“सकाळी इन्सुलिन दिलं. जेवायला वाढणार, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं कोटाचं. हे उठेनात. मग घाम आला, बोलणं जड झालं. मी म्हटलं, घरच्या यंत्रावर बघू तरी साखर किती वाढली ते. तर बेचाळीस! कधी नव्हे इतकी कमी. मला इतकं बरं वाटलं, ताई. खालच्या काकूंनाही सांगून आले, ह्यांची साखर कमी झाली म्हणून. हे पेंगत होते. म्हटलं, आता आजार उतरतोय, निजू द्यावं जरा.” त्या थांबल्या. “नंतर उठवायला गेले तर उठेनात.”

“साखर दिली नाहीत?” हा प्रश्न साखरबाईंच्या तोंडून गेला आणि गेल्याक्षणी त्यांना तो परत घ्यावासा वाटला.

“साखर? मधुमेहाच्या माणसाला?” वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले. मग हळूहळू, एकेक टाका उसवावा तसा, त्यांच्या चेहऱ्यावरचा अर्थ उलगडत गेला. “द्यायची होती का?”

मास्तर वाचले, पण मेंदू साखरेविना फार वेळ उपाशी राहिला होता. पूर्वीचे मास्तर परत येणार नाहीत, हे डॉक्टरांनी हलक्या आवाजात सांगितले. त्याच आवाजात त्यांनी साखरबाईंना बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. “उद्या चौकशीची बैठक आहे. तुम्ही सूचना दिल्या होत्या, एवढंच सांगा. म्हणजे विषय संपेल. घरच्यांचा निष्काळजीपणा, दुसरं काय?”

त्या संध्याकाळी साखरबाईंच्या घरी चहा दोनदा उतू गेला. सासूबाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पाहत होत्या. त्या निवृत्त झालेल्या टेलिफोन ऑपरेटर. उभी हयात लोकांचे बोलणे लोकांपर्यंत पोचवण्यात गेलेली.

“गॅसचं काही चुकलंय, की तुझं?” त्यांनी विचारले.

साखरबाईंनी सारे सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, “मी सूचना दिली होती, आई. खोटं नाही त्यात.”

“दिली होतीस. पोचली होती का?”

“त्या ‘समजलं’ म्हणाल्या.”

“अगं, ‘समजलं’ तर सगळेच म्हणतात. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आपण सांगितलेला नंबर पलीकडच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. तो चुकीचा म्हणाला तर दोष त्याचा नाही, आपला; पुन्हा सांगायचं. साध्या नंबराला एवढं, आणि तुमच्याकडे जिवाला काहीच नाही?”

“मी साहेबांना म्हटलं होतं शब्द बदला म्हणून. ते हसले.”

“मग?”

“मग काय? मी गप्प बसले. माझ्या हातात काय आहे?”

“हातात देत होते ना त्या सोमवारी? तूच सांगितलंस मला. नको म्हणालीस, आणि कारण म्हणून मला पुढं केलंस.” सासूबाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो अधिक लागला. “मी तुला कधी म्हटलं, जाऊ नकोस? मी सुपरवायझर झाले तेव्हा लोक म्हणाले, ही आता घर वाऱ्यावर सोडणार. हे बघ घर. इथंच आहे. छप्पर थोडं गळतं, पण ते आधीपासून गळत होतं.”

साखरबाईंना हसू आले नाही. “मला मोठेपणाची हाव नाही, आई.”

“हाव कोण म्हणतंय? तुला माहीत असलेली गोष्ट अमलात आणायची तर खुर्ची लागते. ती नको म्हणणं हा दरवेळी साधेपणा नसतो गं. कधी कधी नुसता पळ असतो. आणि आपण बायका पळतो तेव्हा घराच्या आडोशाला लपतो, म्हणून कोणी पळपुटी म्हणत नाही. उलट गुणाची म्हणतात.”

साखरबाईंनी ओट्यावर सांडलेला चहा पुसून घेतला. मग साखरबाई म्हणाल्या, “‘कमी झाली’ नको, तर काय म्हणायचं?”

“‘बुडाली’ म्हण. साखर बुडाली. माणूस बुडाला ऐकून कोणी पेढे वाटत नाही. धावतं.”

दुसऱ्या दिवशी बैठकीला विभागप्रमुख, भांडाराचे साहेब आणि साखरबाई असे तिघेच होते. “सूचना दिल्या होत्या ना?” डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे विचारले.

“दिल्या होत्या. त्या पोचल्या नाहीत.” साखरबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. “साहेब, ताप कमी झाला, ही बातमी चांगली की वाईट?”

“चांगली. पण त्याचा इथं...”

“सूज कमी झाली? दुखणं कमी झालं?” आता भांडाराच्या साहेबांनीही मान हलवली. “आजारपणात जे जे कमी होतं, ते ते बरं असतं. हे आपल्याला आईच्या मांडीवर शिकवलं जातं. आपण स्वतः वहिनींना प्रत्येक भेटीत म्हणत आलो, साखर कमी झाली पाहिजे. ती झाली. त्या बाई आनंदल्या. त्यांनी आपली आज्ञा मोडली नाही, साहेब. पाळली!”

भांडाराच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“सगळं एका शब्दावर ढकलता येणार नाही, बाई,” डॉक्टर अखेर म्हणाले. पण या वेळी ते हसले नाहीत.

“ढकलत नाही. मी माझ्यावर घेते. मला हे ठाऊक होतं आणि मी ते सहज म्हटल्यासारखं म्हटलं. आज सहज म्हणत नाही. तो शब्द बदलायचा. रुग्णानं सूचना स्वतःच्या तोंडून परत सांगितल्याशिवाय त्याला घरी पाठवायचं नाही. आणि हे नीट व्हावं म्हणून शिक्षणप्रमुखाची जागा मला हवी आहे. प्रशिक्षणाला मी जाईन.”

“तुम्ही तर नको म्हणाला होता.”

“ते माझं चुकलं.”

डॉक्टर खिडकीकडे पाहत राहिले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. आपले वाक्य इतरांच्या कानात काय होऊन पडते, हे ऐकण्याची गरज त्यांना आजवर कोणी भासू दिली नव्हती, इतकेच. “आणि मला वाटायचं, मी सोपं बोलतो,” ते स्वतःशीच म्हणाले. मग भांडाराच्या साहेबांकडे वळून त्यांनी ‘घरच्यांचा निष्काळजीपणा’ हा निष्कर्ष मागे घेतला. भांडाराचे साहेबही उठता उठता एवढेच म्हणाले, “जागा बाईंचीच आहे. मला नुसती हौस होती.”

वाचकहो, या गोष्टीतून घ्यायचा बोध कटू आहे, आणि तो साखर लावून सांगण्यात अर्थ नाही. ज्ञान असूनही अधिकार नाकारणे, याला आपण स्त्रीचा विनय म्हणतो आणि तिची पाठ थोपटतो. पण ज्या ज्ञानामागे अधिकार उभा नाही ते कोणाच्या उपयोगी पडत नाही. आणि त्या विनयाचे मोल बहुधा तिसऱ्याच कोणाला मोजावे लागते. आपल्या कचेरीत एखादी जाणती बाई ‘मी आपलं सहज म्हटलं’ असे म्हणाली, तर तिला थांबवा आणि पुन्हा नीट म्हणायला लावा. ती तुमच्या घरातली असेल, तर आपल्या नावाचा आडोसा तिला देऊ नका.

प्रशिक्षणाला निघण्याच्या आदल्या दिवशी साखरबाई मास्तरांच्या घरी गेल्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्रापाशी मास्तर बसले होते. कोणीतरी त्यांच्या हाती कापडाचा तुकडा दिला होता. त्याची कड ते अंगठ्याने चाचपत होते, आणि टोकाशी पोचले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. साखरबाईंच्या खांद्यांकडे त्यांनी पाहिले नाही. भिंतीवरच्या खिळ्याला एक कोट टांगला होता, एका बाहीचा.

साखरेचा डबा आता उघड्यावर, कुलपाशिवाय ठेवलेला होता.

“वहिनी, हे सांगायला आले,” साखरबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. “चूक तुमची नव्हती. तुम्ही ऐकलं तसंच केलंत. सांगण्यात चूक होती. आमची, आणि माझी जास्त. कारण मला ती दिसली होती. आता ती जागा मी घेतली आहे. यापुढं तिथं कोणालाही असं सांगितलं जाणार नाही.”

वहिनींनी मास्तरांच्या मांडीवरून घसरलेला कापडाचा तुकडा उचलून पुन्हा त्यांच्या हातात ठेवला. बोटे पुन्हा कडेवरून चालू लागली. मग त्या वळल्या. डोळ्यांत पाणी नव्हते, आणि रागही असा दिसत नव्हता.

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “पण त्या जागेवर तुम्ही आधीच बसायला हवं होतं.”