त्रिकोणाचा कोपरा

क्रेनचा तुटलेला शाफ्ट आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर आला, तोवर तो कोणामुळे तुटला याचा निकाल कारखान्यात बहुतेकांनी लावून टाकला होता. पत्र्यांचा गठ्ठा तीन माणसांच्या उंचीवरून खाली आला होता. खाली कोणी नव्हते, म्हणून निभावले. क्रेन चालवणाऱ्या गृहस्थांना मात्र घरी बसवण्यात आले. त्यांनी ठरल्यापेक्षा जड ओझे उचलले, असा आरोप होता. सोमवारपर्यंत चूक लिहून द्या आणि नोकरी सोडा, नाहीतर अहवाल काय म्हणतो ते पाहू, असे त्यांना सांगितले गेले. तो अहवाल मी लिहायचा होता.

त्यांना सगळे ‘वरचे काका’ म्हणत. सव्वीस वर्षे ते छपराखालच्या काचेच्या खोलीत बसत आले होते. कोणाला टक्कल पडते आहे हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळते, असे ते जेवणाच्या सुट्टीत सांगत; आणि ज्याच्याकडे पाहून सांगत, तो नकळत डोक्यावरून हात फिरवी. मी फारसा बोलत नाही, हे त्यांना चालत असे.

शुक्रवारी ते प्रयोगशाळेच्या दारात आले आणि बाहेरच उभे राहिले. गठ्ठ्याच्या वजनाची चिठ्ठी आपण पाहिली होती, असे त्यांना आठवत होते. परंतु आठ दिवस सगळे तेच तेच विचारत राहिल्यावर ती खरोखरच पाहिली होती का, अशी शंका आता त्यांनाच येऊ लागली होती. बायकोचे म्हणणे, लिहून द्या आणि मोकळे व्हा.

“तुझं लोखंड काय म्हणतं तेवढं सांग,” ते म्हणाले. “ते म्हणालं मी चुकलो, तर मी सही करतो. माणसांचं ऐकून कान किटले माझे.”

मी मान हलवली. ते गेल्यावर शाफ्टचे मोडलेले तोंड दिव्याखाली घेतले.

पोलाद वापरून वापरून आतून दाणेदार होते आणि मग मोडते, असे जुने फोरमन सांगतात. ते खरे नाही. पोलाद पहिल्यापासूनच दाणेदार असते. तुकडा आरशासारखा घासून, त्यावर क्षणभर सौम्य आम्ल फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ते दाणे दिसतात: काही पांढरे, काही बारीक रेघांचे, एकमेकांना घट्ट बिलगून बसलेले. प्रत्येकात अणूंच्या रांगा आपल्या एका दिशेने लागलेल्या, शेजारच्याची दिशा निराळी. पोलाद किती सोसेल, किती वाकेल, हे या मांडणीवर ठरते. बाहेरून काहीच न सांगणाऱ्या वस्तूच्या आत एवढे काही असते, याचा मला नेहमीच आधार वाटत आला आहे.

ओझ्याने एका झटक्यात मोडले असते, तर तोंड सगळेच खडबडीत दिसले असते. येथे बराचसा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा कमानदार रेघा होत्या. खडबडीत जागा एका कडेला, नखाएवढी. म्हणजे तडा कित्येक महिने, शाफ्टच्या फेऱ्याफेऱ्यागणिक, केसाहूनही कमी पुढे सरकत आला होता. त्या दिवशी नेहमीचेच ओझे होते. फक्त धरून ठेवायला पोलाद उरले नव्हते.

कमानी मागे मागे लहान होत गेल्या आणि पृष्ठभागावरच्या एका खुणेशी मिटल्या. ती एका लहान त्रिकोणाची होती. तडा त्याच्या कोपऱ्यातून निघाला होता.

तो त्रिकोण माझा होता.

चार वर्षांपूर्वी मी तपासणी विभागात लागलो, तेव्हा जुन्या तपासनिसांनी ठशांची पेटी पुढे केली होती. मंजूर केलेल्या भागावर प्रत्येकाने आपला ठसा हातोडीने मारायचा. त्यांचा गोल होता. त्रिकोण कोणाचाच नव्हता, म्हणून मी तो घेतला. ठसा शाफ्टच्या टोकावर मारायचा, तेथे ताण येत नाही, असे त्यांनी बजावले होते. परंतु शाफ्ट बसवला की टोक झाकले जाई. मी मानेवर मारू लागलो, जेथे जाड भाग बारीक होतो तेथे. आणि पुसला जाऊ नये म्हणून खोल. महिनाभराने माझी बदली प्रयोगशाळेत झाली; ठसा आणि तपासणीचा अधिकार माझ्याकडेच राहिले. त्या एवढ्या मोठ्या कारखान्यात माझे म्हणून दिसेल असे तेवढेच होते.

शनिवारी सकाळी मी लिहिले: ‘तडा पृष्ठभागावरील एका खाचेपासून सुरू झाला. ओझे जास्त असल्याचा पुरावा नाही.’ यात खोटे काही नव्हते. काका सुटत होते. मीही सुटत होतो.

शाफ्टचा क्रमांक उतरवून घेण्यासाठी तपासणीची वही उघडली. त्याच पानावर, त्याच महिन्यातले आणखी अकरा शाफ्ट होते, प्रत्येकापुढे माझा बारकासा त्रिकोण. शेजारच्या क्रेनचा त्यांतलाच एक. ते सगळे त्या क्षणी फिरत होते.

मी कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यात खाच कसली, ती कोणी मारली, हे लिहिले आणि खाली अकरा क्रमांकांची यादी जोडली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. अकराही यंत्रे थांबवा, असा फोन करून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

“घरी भिंतींवरही नाव कोरतोस का रे?”

मी नाही म्हणालो.

“एवढंच दिसायला हवं होतं, तर अहवालावर सही मोठी करायचीस.”

तड्यात झिरपणारे रंगद्रव्य लावून तपासल्यावर अकरांपैकी चारांत तडे सापडले. माझा ठसा जमा करून घेण्यात आला आणि तपासणीचा अधिकार काढून घेतला गेला.

पुढच्या गुरुवारी काका कामावर आले. मी शिडीशी जाऊन उभा राहिलो. माफीची वाक्ये जुळवून आणली होती; पहिले निघायच्या आतच त्यांनी हात वर केला.

“माहितीय मला,” ते म्हणाले. “म्हणजे चिठ्ठी मी पाहिली होती.”

“पाहिली होती, काका.”

त्यांनी दोनदा मान हलवली. मग, तुझ्यामुळे चौदा दिवस बायकोच्या हाताखाली काढले ते काही मी विसरणार नाही, असे म्हणून ते शिडी चढू लागले. काचेच्या खोलीत पोचल्यावर त्यांनी खिडकी सरकवली आणि खाली वाकून पाहिले.

“मधोमध विरळ होतंय हां तुझं,” ते म्हणाले.

मी डोक्यावरून हात फिरवला, आणि पहिला गठ्ठा पलीकडे टेकेपर्यंत तेथेच उभा राहिलो.