वाराबिनमधली गाड्यांची मोजणी

ही गोष्ट एकोणीसशे पंचाण्णव सालची. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात गावोगावच्या निवडून आलेल्या कौन्सिलरांना घरी बसवून त्यांच्या जागी कमिशनर नेमले होते. वाराबिनच्या वाट्याला तिघं आले. तिघंही बाहेरगावचे. कोणाच्या घरात कोण राहतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. आणि आल्या आल्या त्यांच्यासमोर पहिलं भांडण आलं ते हाय स्ट्रीटवरच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागेचं.

चिकन आणि बर्गर विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला तिथे ड्राइव्ह-थ्रू काढायचं होतं. म्हणजे गाडी आत घ्यायची, एका खिडकीशी काय हवं ते सांगायचं, दुसऱ्या खिडकीतून पिशवी घ्यायची आणि न उतरता चालू पडायचं. वाराबिनमध्ये तोपर्यंत असलं काही नव्हतं. तरुण पोरं खूश होती. म्हातारी माणसं कुरकुरत होती, पण ती कशावरही कुरकुरत.

खरी अडचण होती नकाशात. कौन्सिलच्या भिंतीवरच्या नकाशात हाय स्ट्रीटची कड निळी होती, म्हणजे दुकानांचा पट्टा. पंपाच्या मागची गल्ली पिवळी, म्हणजे राहत्या घरांचा पट्टा. पिवळ्या पट्ट्यातून धंद्याच्या गाड्या आत-बाहेर करायला परवानगी नाही. त्यामुळे सगळ्या गाड्या हाय स्ट्रीटवरूनच आत जाणार आणि हाय स्ट्रीटवरच बाहेर पडणार. आणि बाहेर पडायची वाट बरोबर शाळेच्या क्रॉसिंगवर येत होती.

त्या क्रॉसिंगवर मुलांना रस्ता ओलांडून द्यायला लोर्ना पास्को उभी असे. बहात्तर सालापासून उभी होती. सकाळी सव्वाआठला ती दोन्ही फुटपाथांवर नारिंगी झेंडे रोवायची, अंगावरचा पांढरा डगला नीट करायची आणि हातात 'थांबा' लिहिलेली दांडीवरची गोल पाटी घ्यायची. नऊला झेंडे काढून घरी. पुन्हा सव्वातीन ते चार. तिचा नवरा, रे पास्को, गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ती पाटी घेऊन उभी होती. लोकांनी नावं ठेवली. ती म्हणाली, "मुलं काय आज उडत जाणार आहेत शाळेत?"

तिला भीती एकाच गोष्टीची होती. ड्राइव्ह-थ्रू आलं की क्रॉसिंग तिथून उठवतील आणि तीनशे मीटर लांब, चौकात नेतील. तिथे कोणी माणूस उभा करायचा नाही, असंही कानावर आलं होतं. वाराबिनमधली मुलं तीनशे मीटर वळसा घालून चौकापर्यंत जाणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. मुलं समोरच दिसणाऱ्या शाळेच्या फाटकाकडे धावणार, आणि मध्ये पाटी धरून कोणी नसणार.

हरकत घेणाऱ्यांची समिती स्थापन झाली आणि देस पास्को तिचा अध्यक्ष झाला. देस म्हणजे लोर्नाचा दीर, गव्हाच्या कोठारावरून नुकताच निवृत्त झालेला. त्याला करायला काही काम नव्हतं आणि बोलायला विषय हवा होता.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी कंपनीच्या माणसांनी क्रॉसिंगच्या जरा अलीकडे रस्त्यावर आडवी काळी रबरी नळी ठोकली. तिचं एक टोक विजेच्या खांबाला साखळीने बांधलेल्या डब्यात. नळीवरून चाकं गेली की डब्यात आकडा पडे. आठवडाभर मोजणी चालणार होती.

देसने त्याच संध्याकाळी बोल्स क्लबात, म्हणजे म्हातारी माणसं हिरवळीवर चेंडू घरंगळवत खेळतात त्या क्लबात, सभा घेतली. "सरळ हिशोब आहे," तो म्हणाला. "रस्त्यावर आधीच गर्दी आहे असं दिसलं की नवी गर्दी कोण आणू देईल? तेव्हा या आठवड्यात प्रत्येकाने जरा जास्त फिरायचं. काम असो वा नसो."

कोणालाच यात वावगं वाटलं नाही. उलट मजा आली. मंगळवारी सकाळी लोर्ना पाटी घेऊन उभी राहिली तर हाय स्ट्रीटवर जत्रा. पोस्टातला माणूस चारदा गेला. चर्चमधले पाद्री दोनदा गेले आणि दोन्ही वेळा दुसरीकडे बघत गेले. देसने तर आपल्या गाडीला मागे लाकडं वाहायचा ट्रेलर जोडला होता, म्हणजे चाकं जास्त.

"काय लोर्ना, किती झाल्या?" तो काच खाली करून ओरडला.

"मी मुलं मोजते रे, गाड्या नाही. चल, हो पुढे, मागे रांग लागलीये."

"रांग लागायलाच पाहिजे!" देस म्हणाला आणि हॉर्न वाजवत गेला.

आणि खरं सांगायचं तर घरी गेल्यावर लोर्नानेही गाडी काढली. दूध घरात होतं, तरी दूध आणायला गेली. मग पाव आणायला. मग पाव तसाच ठेवून उगीचच.

सप्टेंबरमध्ये अहवाल आला. कौन्सिलच्या कचेरीत तो चौदा दिवस कोणालाही बघायला ठेवला होता. नियोजनाचं काम बघणारी जनीन वुकोविच ही सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरगी. तिने लोर्नाला खुर्ची दिली आणि जाडजूड बाड समोर ठेवलं.

"कुठलं पान बघू गं मी यात?"

जनीनने पान उघडून दिलं. "इथे बघा, मिसेस पास्को. रोजच्या गाड्या दोन हजार आठशे चाळीस. ड्राइव्ह-थ्रूमुळे वाढतील दोनशे ऐंशी. म्हणजे दहा टक्क्यांच्या आत. दहाच्या आत वाढ असली तर रस्ते खातं हरकत घेत नाही."

लोर्नाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि गाड्या कमी असत्या तर?"

"तर तेवढीच वाढ टक्क्यांत जास्त दिसली असती. मग खात्याने नाही म्हटलं असतं." जनीनने पान उलटलं. "अजून एक आहे. एवढी वर्दळ आहे म्हणून इथलं क्रॉसिंग धोक्याचं ठरवलंय. ते चौकात हलवावं, अशी शिफारस आहे."

लोर्नाने पान पुन्हा मागे उलटून तो आकडा बघितला. पोस्टवाला चारदा, पाद्री दोनदा, आपण तीनदा. आपल्याच गावाने फिरून फिरून आपलंच क्रॉसिंग उचलून दिलं होतं.

तशीच ती देसच्या घरी गेली. देस मागच्या शेडमध्ये खुर्चीचा मोडका पाय बसवत होता. तिने सगळं सांगितलं. त्याला एकदा सांगून कळलं नाही, दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे जास्त गाड्या म्हणजे त्यांचा फायदा?"

"हो."

"हे कुठल्या शहाण्याने ठरवलं?"

"ते जाऊ दे. तू सुनावणीत उभा राहा आणि सांग, मोजणी खोटी होती म्हणून."

देसने हातातली हातोडी खाली ठेवली. "वेड लागलंय का तुला? मी? सगळ्यांसमोर? क्लबात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"मग मी सांगते."

"लोर्ना, तू तोंड उघडलंस ना, तर परत या घरात चहाला येऊ नकोस."

"तुझा चहा तसाही पाणचट असतो," लोर्ना म्हणाली आणि निघाली. पण फाटकाची कडी लावताना तिला रविवार आठवला. रे गेल्यापासून दर रविवारचं जेवण ती देसकडेच जेवत होती. दुसरं जवळचं तिला कोणी नव्हतं.

सुनावणी ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी, गावच्या हॉलमध्ये, दुपारी दीड वाजता होती. लोर्ना पांढरा डगला घालूनच आली, कारण इथून थेट क्रॉसिंगवर जायचं होतं. समोर टेबलामागे तीन कमिशनर. मधले ऑर्म्सबी नावाचे, शांत, जरा कमी ऐकू येणारे. कंपनीतर्फे मिस्टर फेनविक. हरकतवाले डावीकडे, बाजूने बोलणारे उजवीकडे, लग्नात वरपक्ष-वधूपक्ष बसावेत तसे. देस अगदी शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून.

फेनविक बोलायला उठले ते बसेचनात. तक्ते दाखवले, रंगीत चित्रं दाखवली. झाडं किती लावणार, कचऱ्याचे डबे किती ठेवणार, सगळं सांगितलं. मग बाजूने बोलणाऱ्यांची पाळी. केस कापणारी ग्लेनिस टॉन्किन उठली. "माझ्या मुलीला शाळा सुटल्यावर या गावात काम मिळत नाही," ती म्हणाली. "ज्यांची नोकरी वीस वर्षं पक्की आहे, त्यांना हरकती घेणं सोपं जातं." आणि ती लोर्नाकडे बघूनच खाली बसली.

लोर्नाचा नंबर यादीत नववा होता. घड्याळात तीनला दहा कमी होते आणि बोलणारा होता चौथा. ती उभी राहिली.

"साहेब, मला तीनला निघायला पाहिजे. झेंडे लावायचे आहेत."

"काय लावायचेत?" ऑर्म्सबींनी कानामागे हात धरला.

"झेंडे! शाळेचे!" डावी-उजवी दोन्हीकडची माणसं एकदमच ओरडली.

"बरं बरं. बोला. तीन मिनिटं."

लोर्नाने लिहून आणलेला कागद खिशातून काढलाच नाही. "अहवालातला आकडा खोटा आहे, साहेब," ती म्हणाली. फेनविक खुर्चीत सरळ झाले. "यांनी खोटा केलेला नाही. आम्ही केलाय. नळी टाकली त्या आठवड्यात आम्ही मुद्दाम गाड्या फिरवल्या. मीही फिरवली. दुधासाठी गेले, पावासाठी गेले आणि तिसऱ्यांदा कशासाठी गेले ते मला अजून माहीत नाही."

हॉलमध्ये कोणी तरी फिसकन हसलं. ऑर्म्सबी हसले नाहीत. "असं किती जणांनी केलं?"

"नावं नाही सांगणार मी. पण रोज उभी असते तिथे, गाडी कोणाची ते ओळखते. एक माणूस मंगळवारी पावणेनऊपर्यंत अकरा वेळा गेला. ट्रेलर लावून."

सगळ्या माना मागे वळल्या. ट्रेलर कोणाचा हे वाराबिनमध्ये सांगायची गरज नव्हती. लोर्नाने मात्र मागे बघितलं नाही. तिची नजर टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यावर खिळली होती.

"चौदा," मागून आवाज आला.

देस उभा होता. कानापर्यंत लाल झालेला. "अकरा नाही. चौदा वेळा. उगीच कमी कशाला सांगायचं? आणि कल्पना माझीच होती. बाकीच्यांना काही बोलू नका."

"तुमचं नाव?"

"देस्मंड पास्को. हरकत समितीचा अध्यक्ष." तो जरा थांबला. "आजपर्यंत तरी."

आता मात्र उजवी बाजूसुद्धा हसली. ग्लेनिसही हसली, मग तिला आठवलं की आपण रागावलेलो आहोत. फेनविक उठून म्हणाले की लोकांच्या खोडसाळपणाची शिक्षा कंपनीला होऊ नये. ऑर्म्सबींनी बाजूच्या दोघांशी कुजबुज केली आणि सांगितलं की मोजणी पुन्हा होईल. कोणत्या आठवड्यात ते आधी जाहीर होणार नाही. आणि नळीपाशी लक्ष ठेवायला एक माणूस बसेल.

तीन वाजून गेले होते. लोर्ना जवळजवळ धावतच निघाली. तिने घाईघाईने दोन्ही फुटपाथांवर झेंडे रोवले. पहिली मुलं फाटकातून बाहेर आली तेव्हा ती मधोमध उभी होती.

नोव्हेंबरमध्ये दुसरी मोजणी झाली. नळीशेजारी खुर्ची टाकून आठवडाभर बसलेल्या माणसाला गावाने इतका चहा पाजला आणि केक खाऊ घातला की तो जाताना पोट धरून गेला. आकडा आला एक हजार नऊशे दहा. वाढ पंधरा टक्क्यांच्या जवळ गेली. रस्ते खात्याने नाही म्हटलं. मागच्या गल्लीतून वाट काढावी तर तो पिवळा पट्टा. डिसेंबरात कमिशनरांनी परवानगी नाकारली, आणि क्रॉसिंग जिथे होतं तिथेच राहिलं.

भांडणापासून लोर्ना देसकडे जेवायला गेली नव्हती. निकालानंतरच्या रविवारीही ती जाऊ की नको करत घरीच बसली होती. एक वाजता देसच दारात आला. "मटण गार होतंय," तो म्हणाला. "आणि चहा तूच कर, तुला माझा पाणचट लागतो ना."

पुढचं थोडक्यात. कंपनीने चार वर्षांनी गावाबाहेर, हायवेवरच्या ट्रक थांब्याजवळ आपलं ड्राइव्ह-थ्रू काढलं. वाराबिनमधली सगळी माणसं तिथे जातात. लोर्नाही जायची, शुक्रवारी, चिकनचे दोन तुकडे घ्यायला. ग्लेनिसने वर्षभर लोर्नाशी बोलणं टाकलं होतं. मग तिच्या थोरल्या मुलाचा पोरगा शाळेत जायला लागला आणि पहिल्याच सकाळी तिला क्रॉसिंगवर थांबावं लागलं, तेव्हा बोलणं सुरू झालं. तिची ती मुलगी बेंडिगो शहरात नर्स झाली. जनीन मोठ्या शहराच्या कौन्सिलात गेली. आमच्या गावाची ही हकीकत ती तिथल्या नव्या लोकांना शिकवताना सांगते, असं ऐकलं. ऑर्म्सबी दोन वर्षांनी परत गेले. फेनविकांचं पुढे काही कळलं नाही. पंपाच्या जागेवर बरीच वर्षं गवत होतं, आता टायरचं दुकान आहे.

देस दोन हजार तीन साली गेला. समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडून कोणी काढून घेतलं नव्हतं आणि त्यानेही सोडलं नव्हतं. लोर्नाने सत्तराव्या वर्षी पाटी खाली ठेवली. शाळेतल्या ज्या दोनशे मुलांसाठी ती तेव्हा भांडली, त्यांची मुलं आता वाराबिनमध्ये फारशी नाहीत. शाळेत चाळीसेक उरलीत. क्रॉसिंग आहे. सव्वाआठला एक तरुण बाप झेंडे रोवतो, आणि लोर्ना वृद्धाश्रमात त्या वेळी नाश्ता करत असते.