लाल कार्डाचं कलम

वकीलसाहेबांनी आयुष्यात रग्बीचा चेंडू हातात धरला तो फक्त फोटोपुरता. तरीही रग्बी संघटनेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं की खुर्चीच्या गादीलाही त्यांचाच आकार आला होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या ओळखाव्या लागत नाहीत, उंट तेवढा आपला लागतो. आणि संघटनेची घटना साहेबांनी स्वतःच लिहिलेली होती.

खेळ त्यांना पुस्तकातून ठाऊक होता. नियम तोंडपाठ, अगदी तळटिपांसकट. रग्बीत चेंडू हातानं पुढे फेकायचा नसतो, मागच्या गड्याकडेच द्यायचा असतो. साहेबांचा कारभार नेमका उलटा, सगळं पुढे ढकलायचा. नको असलेला विषय ते कधी फेटाळत नसत, कोर्टातल्यासारखी पुढची तारीख देत. मैदानावरच्या दिव्यांना तारीख, जखमी खेळाडूंच्या विम्याला तारीख. नाही म्हटलं की माणूस भांडतो, तारीख दिली की आभार मानून घरी जातो, हे त्यांनी वकिलीत शिकून घेतलं होतं.

पोटची मुलगीही त्यातून सुटली नाही. कॉलेजात असताना तिनं मुलींचा संघ काढायचा अर्ज दिला. बापानं तो कौतुकानं वाचला, दोन शब्द सुधारले आणि पुढच्या बैठकीवर टाकला. बैठका होत राहिल्या, घोंगडं भिजत राहिलं. खेळायचं वय निघून गेलं तेव्हा तिनं शिट्टी गळ्यात अडकवली आणि पंच झाली. पोरीनं आपला कायद्याचा वारसा घेतला, असं साहेब चारचौघांत सांगत. तिची आई हे ऐकलं की उठून आत जायची.

यंदा निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध पहिल्यांदाच कोणी उभं राहिलं. तो म्हणजे रेडा. एके काळचा कप्तान, डोकं खाली घालून धावायचा म्हणून हे नाव पडलेलं. आता व्यायामशाळा चालवायचा आणि खेळाडू त्याच्यावर जीव टाकायचे. साहेबांची झोप उडाली. अशील केव्हाच तरुण वकिलांकडे गेले होते, घरात त्यांचं म्हणणं पुरतं कोणी ऐकत नव्हतं. आपण आत आल्यावर माणसं उठून उभी राहतात अशी जगात संघटनेच्या बैठकीची ही एकच खोली उरली होती. ती गेली तर आपण कोण, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मग त्यांनी शोधून काढलं की रेड्याला तरुणपणी एकदा लाल कार्ड मिळालं होतं. अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी सर्वसाधारण सभेपुढे नवं कलम मांडलं. लाल कार्ड मिळालेल्या माणसाला पदावर येता वा राहता येणार नाही. रेडा एखाद्या पळवाटेनं निसटेल या धास्तीनं त्यांनी ते जागच्या जागी आणखी रुंद केलं. खेळाडू असो वा नसो, कार्ड आधी मिळालेलं असो वा नंतर, कारण कोणतंही असो, अपील नाही. हात वर झाले, कलम लगेच लागू झालं. रेडा उठला आणि मैदानावर जाऊन प्रेक्षकांत बसला.

दुपारच्या सामन्याला पंच म्हणून मुलीचीच नेमणूक होती, तीही साहेबांनीच मिरवायला केलेली. शेवटच्या मिनिटांत एका संघानं चेंडू रेषेपार टेकवला आणि तिनं गुण दिले. साहेब ताडकन उठले. त्याआधीचा पास पुढे गेला होता, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय हरणाऱ्या क्लबची सगळी मतं त्यांच्या खिशात होती. पण खरं सांगायचं तर आपलं म्हणणं न ऐकता कोणी निकाल द्यावा, हेच त्यांना सोसत नसे. नियमपुस्तक उघडून ते तडक मैदानात घुसले.

मुलीनं आधी त्यांना नीट बाहेर जायला सांगितलं. मग बजावलं. साहेब नियमाचा क्रमांक सांगत राहिले, धापा टाकणारे खेळाडू कमरेवर हात ठेवून ऐकत राहिले.

"निकाल राखून ठेव," शेवटी ते आवाज उतरवून म्हणाले. "सामना झाल्यावर बसून बघू."

"माझ्या अर्जालाही तुम्ही हेच म्हणाला होतात, बाबा."

तिचा हात खिशाकडे गेला तेव्हा साहेबांना सकाळचं कलम शब्दन् शब्द आठवलं.

"थांब. आज सकाळीच आम्ही..."

"वाचलंय मी. चांगलं लिहिलंय, कुठेच फट नाही."

कार्ड वर गेलं.

साहेब बाहेर आले. आपल्या खुर्चीकडे जायचं त्यांना धाडस होईना. रेड्यानं सरकून बाकावर जागा केली.

"बसा साहेब. उरलेला सामना आता इथूनच बघायचा."

साहेब बसले. म्हणाले, "पास पुढे गेला होता."

"गेला होता. माझ्या वेळीही पंच चुकलाच होता. मी आपला मुकाट बाहेर आलो."

"आता तूही नाहीस, मीही नाही. मग अध्यक्ष कोण होणार?"

रेड्यानं हनुवटीनं मैदानाकडे दाखवलं. "पोरगी आहे की. तिला कधी लाल कार्ड मिळालेलं नाही. खेळायलाच कुठे मिळालं तिला?"

साहेबांनी मांडीवरचं नियमपुस्तक मिटलं. तिकडे शिट्टी वाजली आणि खेळ पुन्हा सुरू झाला.