माह्या कानातली देवी

माह्या नवऱ्याचे कान गेले तवा साऱ्या घाटंजीले कळलं. तेरा वर्सं त्यानं सरकी काढाच्या जिनाच्या मशिनीले तेल घातलं, त्या आवाजानं कान गेले. मुकादम पुंडलिकराव चारचौघात म्हने, "आमचा श्रावण मर्दगडी! मशिनीनं कान खाल्ले, तरी कामावर हजर!" केवढा मान वाढला बापा त्याचा! आन् त्याच जिनावर मी आठ वर्सं कापूस लोटून राह्यली, माह्या कानाचं कोनी इचारलं नाही.

साल अठ्ठावनचं. दिवाळीनंतर नवा कापूस आला आन् माह्या डाव्या कानात भोंगा वाजाले लागला. रात नाही, दिवस नाही. मंग एक दिवस चुलीपुढं बसल्या बसल्या सारं घरच फिराले लागलं. भुई धरून पडली, ओकली, अर्ध्या घंट्यानं उठली. हातपाय गार पडले होते.

भेव चकरीपेक्षा लोकायचं जास्त होतं. दोन वर्साआंधी आमच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली, देव मानाचे नाही अशी शपथ खाल्ली. घरोघरचे देव टोपल्यात भरून नदीत सोडले, मरीमायबी सोडली. आन् मागच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या उकंडाची बायको घुमली. मंग काय इचारता! वस्ती म्हने, इनं शपथ मोडली, इच्या अंगात देवी येते. कोनी तिच्याशी बोलेना, चुलीले विस्तव देईना. ते पोरं घेऊन माहेरी गेली ते गेलीच. मले त माहेरबी नाही. मी कुठी जाऊ?

नवऱ्याले सांगावं त त्याच्याशी बोलाचं म्हनजे वरडाचं, आन् वरडलं का भितीपलीकडं वस्तीचा पुढारी बळीराम बसलेला. म्हनून हातानं सांगून पाह्यलं. डोक्याभोवती बोट फिरवलं, मान गोल फिरवली. माहा नवरा मांगं सरकत भितीले टेकला! त्याले वाटलं मरीमायच परत आली. दोन दिवस माह्या तोंडाकडं न पाहता त्यानं भाकर खाल्ली. पुन्हा खुणा करायची हिंमतच झाली नाही माही.

त्याच्या कानासाठी यवतमाळच्या एका डॉक्टरकडं गेलतो. डॉक्टरनं त्याच्या कानात बत्ती लावून पाह्यलं, लोखंडाचा चिमटा वाजवून कानापाशी धरला, पाव घंटा तपासलं. मी हळूच म्हनलं, "साहेब, माह्याबी कानात वाजते. आन् मंग घर फिरते." त्यानं मानबी वर केली नाही.

"कितवा महिना?"

"कायचा महिना, साहेब? तसं काही नाही."

"मग अशक्तपणा आहे. बायकांचं असंच असतं."

लाल औषधाची बाटली देल्ली हातात. अरे, त्याचा कान तो कान, आन् माहा कान काय नुसता भोकं पाडाले देल्ला? असा संताप आला म्हनता! पन संतापाच्या खाली भेवच होतं.

काहून का जिनावर कापूस हातानं लोटा लागते. रूळ फिरत रायते आन् बोटं त्याच्यापासून चार अंगुळं. एका बाईचे दोन बोटं मागच्या साली गेलते. चक्कर येते म्हनून सांगावं त मुकादम काम तोडते, न सांगावं त हात जाते. रोज सकाळी मी आपल्या हाताकडं पाहो.

पौषातल्या एका सोमवारी दुपारी कान गच्च झाला. मी समजली, आता येते. पन जागा सोडली का पुंडलिकराव इचारीन, काहून? दात खाऊन उभी राह्यली. आन् छप्पर खाली आलं, रूळ वर गेले. मान गरकन फिरली, हात पुढं गेला. बाजूले वच्छलाबाई, आठ वर्सापासूनची सोबतीन. वाटलं, हे धरीन.

वच्छलाबाईनं पदर डोक्यावर घेतला आन् हात जोडले. "आली काय वो माय!"

सारी ओळ हात जोडून उभी, साऱ्या दुसऱ्या वस्तीतल्या, मरीमाय अजून पुजनाऱ्या. "काय पाहिजे माय, बोल!"

"धरा वो," मी म्हनलं, "धरा मले!" त त्यायनं कपाळ भुईले टेकलं. माहे बोटं रुळाकडं चालले आन् ह्या बाया माह्या पाया पडून राह्यल्या!

माहा नवरा तेलाचा डबा घेऊन तिकून येत होता. त्याले ते "माय, माय" काही ऐकू आलं नाही. त्याले फक्त पडून राह्यलेली बायको दिसली. डबा फेकून त्यानं मले कमरेतून मांगं ओढलं. पदर रुळात गेला, टराटरा फाटला. कोनीतरी पट्टा पाडला, जिन थांबलं.

मंग त्यानं वर पाह्यलं. जोडलेले हात दिसले त्याले, टेकलेले कपाळ दिसले. माह्या कमरेवरचा त्याचा हात ढिला पडला. तोंडावर तेच, भितीले टेकला तवाचं भेव. आता हा मले सोडते! उकंडाच्या बायकोसारखी मी उघडी पडते!

जिन बंद होतं. बोललेलं साऱ्यायले ऐकू जाईन, मुकादमालेबी. जाऊ दे! त्याची मान धरली आन् कानात तोंड घालून बोंबलली, "अवो, देवी नोहे! माहाबी कान गेला, तुमच्यासारखाच! मले चक्कर येते! सोडू नका मले!"

त्यानं मले पोटाशी धरलं. सोडलं नाही.

"चक्कर येते?" पुंडलिकराव म्हनाला. "मंग उद्यापासून येऊ नको, बाई. हात तुटला त कोन निस्तरीन?" बयऱ्या नवऱ्याले ठेवलं, मले काढलं. चला, पट्टा चढवा म्हने.

वच्छलाबाईनं जोडलेले हात खाली केले. माह्याजवळ वाकून म्हने, "सत्यशीला, मलेबी वाजते वो. पोळ्यापासून."

मी तिचा हात धराले गेली, त जिन सुरू झालं. ते मागं पाहत पाहत आपल्या जागेवर गेली आन् कापूस लोटाले लागली.