जाऊबाईंची जास्वंद

धाकटीने कापडाची मोठी कात्री जास्वंदीच्या दांड्याला लावली आणि दातओठ खाऊन दाबली. कट्ट आवाज झाला. टोकाला जेमतेम पाच-सहा पानं असलेला पुरुषभर उंचीचा दांडा गच्चीच्या फरशीवर आडवा झाला.

"आई, ती कापडाची कात्री आहे," स्वयंपाकघरातून मुलगी म्हणाली.

"असू दे."

एरवी त्या कात्रीने कुणी कागद कापला तरी हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं कटिंग करत होती ती. पण हे झाड थोरल्या जाऊबाईंचं. त्या खाली राहायच्या, ही वर. भावजींनी जाण्याआधी लावलेलं हे शेवटचं झाड. खाली त्यांच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत उठली, खोली अंधारली, आणि उजेडाच्या शोधात झाड नुसतं लांबत गेलं. उघडेबोडके दांडे, फुलाचं नाव नाही. दोन महिन्यांसाठी लेकाकडे जाताना जाऊबाई कुंडी हिच्या दारात ठेवून म्हणाल्या, "एवढं सांभाळ हं." वर्षभर बोलाचाल बंद असताना! कोडगेपणाला काही सीमा?

बोलाचाल बंद झाली ती मुलीच्या लग्नावरून. सगळं ठरलं होतं, आणि जाऊबाईंनी मुलाकडच्यांच्या कानात सोडलं, "हिला लहानपणी फिट यायच्या बरं का." यायच्या? एकदा आली होती. तीन वर्षांची असताना, तापात. लग्न मोडलं. तेव्हापासून पोरीने उंबरठा ओलांडणं जवळजवळ सोडलं होतं.

"माझ्या काळजाला हात घातलात ना जाऊबाई, आता तुमच्या," असं पुटपुटत तिने उरलेले चार दांडे वीतभर ठेवून उडवले. खरं तर वेडेवाकडे तोडायचे होते, पण हाताचं वळण आड आलं. आधी खडूने खूण, मग जिथे गाठ तिथे तिच्या जरा वर एकच तिरका, स्वच्छ काप. खुंट बघून तिला बरं वाटलं. मग कुंडी ओढत ओढत तिने भर उन्हात नेऊन ठेवली. जळू दे!

पाणी मात्र रोज घातलं. तहानेने मेलं तर लोक म्हणतील, विसरली बिचारी. तिला विसरायचं नव्हतं. मुद्दाम मारलंय हे जाऊबाईंना कळायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी खुंटावर हिरवे ठिपके दिसले. कोंब बोटभर झाले तसे तिने नखाने त्यांचे शेंडे खुडले. खुडल्या जागी दोन-दोन आले. ते खुडले, तर चार. निर्लज्ज कुठलं, मालकिणीवर गेलंय! दोन महिने होईतो झाड कमरेएवढं, गच्च भरलेलं, आणि कळ्या इतक्या की मोजतानाही तिला राग यायचा.

जाऊबाई आल्या त्या, ना बेल ना विचारणं, धाकटीच्या उघड्या दारातून थेट गच्चीत. झाडासमोर उभ्या राहिल्या. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "बाई गं, हाताला यश आहे तुझ्या."

हे मात्र धाकटीला सोसवेना. "यश कसलं डोंबलाचं! मारायला कापलं होतं मी. उन्हात ठेवलं तेही मारायला."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"रोपवाटिकेतला माळी दोनदा म्हणाला, खालपर्यंत छाटा, ऊन दाखवा, तरच वाचेल. कात्री घेऊन बसायचे मी. ह्यांनी लावलेलं, हात उचलायचा नाही." जाऊबाई एक पान चाचपत म्हणाल्या, "म्हटलं, हे कापायला न कचरणारी घरात एकच आहे."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे सूडसुद्धा हिच्याच कामी आला!

"जरा हात लाव, खाली नेऊ या," जाऊबाई वाकल्या.

"नाही. खाली अंधार. परत लांबेल." आवाज चढू न देता धाकटी म्हणाली, "कुंडी इथेच राहणार."

"अगं, मग मी बघायचं कसं?"

"रोज वर यायचं. गच्चीची वाट माझ्या घरातून आहे. बेल वाजवायची. दार माझी मुलगी उघडेल. येऊ का म्हणून तिला विचारायचं."

जाऊबाईंचा हात कुंडीच्या काठावर तसाच राहिला. मग त्या जिना उतरून गेल्या.

तीन दिवस बेल वाजली नाही. धाकटी कामावरून आली की आधी मुलीकडे बघायची. मुलगी मान हलवायची. चौथा दिवस सुटीचा. सकाळी धाकटी टेबलावर कापड पसरून खुणा करत होती, तेवढ्यात बेल वाजली. मुलीने आईकडे पाहिलं. आईने मान वर केली नाही. काय बोलायचं हे तिने मुलीला शिकवलं नव्हतं.

मुलीने दार उघडलं, पण कडीवरचा हात काढला नाही.

"कोण पाहिजे आपल्याला?"

जिन्यात लागलेली धाप जाऊबाईंनी आवरली. एकदा तिच्या खांद्यावरून आत, धाकटीकडे पाहिलं. धाकटी खडू धरून नुसतीच उभी होती.

"मी," जाऊबाई म्हणाल्या, "तुझं लग्न मोडलं ना, ती. येऊ का?"

मुलीने कडीवरचा हात काढला. मग दारातून बाजूला झाली.

"चपला बाहेर काढा," ती म्हणाली.