नुसता बसला होता

लाँड्रीत चादरींना इस्त्री करता करता तिला फोन आला, की धाकट्याला पोलिसांनी उचललं. धाकटा म्हणजे तिच्या पाठचा भाऊ, धंद्याने न्हावी. दुकान आटोपल्यावर शटर अर्धं ओढून तो पाचसहा जणांबरोबर डोळे मिटून बसला होता. एवढंच! पण त्यांच्या पंथाला जमून प्रार्थना करायला बंदी होती, आणि बंदी म्हणजे बंदी, तिथे देवाचंही चालत नाही.

धाकटा पोलिसांपुढे ब्र काढेना. खोटं बोलायचं नाही आणि खरं बोललं तर बाकीचे अडकणार, म्हणून गडी गप्प. त्याचा वकीलही म्हणाला, "गप्पच राहू दे. डोळे मिटणं हा काही गुन्हा नाही. पुरावा कुठाय त्यांच्याकडे?"

तिनेही गप्प राहायला हवं होतं हो! पण जिचा भाऊ आत आहे ती बहीण गप्प बसते होय? तिच्या लेकीने मामाच्या सुटकेचा अर्ज नेटवर टाकायचं ठरवलं. वाचणाऱ्यांनी खाली सही करायची. "आई, वर तुझा व्हिडिओ लावू. मनापासून बोल." ती मोबाइलसमोर आली आणि धाय मोकलून रडली. "अहो, माझ्या भावाने कुणाचं काय घोडं मारलंय? तो नुसता बसला होता हो! नेहमीसारखा बसला होता!"

आता, त्यांच्यात प्रार्थना करण्याला 'बसणं' म्हणतात. पिढ्यानपिढ्या लपूनछपून जगायचं, म्हणून कुणा शहाण्याने कधीतरी काढलेला शब्द. "बसलास का रे?", "आज बसायचं राहिलंच बाई," असं आपलं घरात चालायचं. तिच्या तोंडून तो सहज गेला आणि लेकीलाही खटकला नाही. आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो?

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. जगाला वाटलं, बिचारा खुर्चीत बसला होता, तेवढ्यावरून नेला! लोक भडकले. सह्यांवर सह्या पडल्या. कुठकुठली माणसं आपले बसलेले फोटो टाकू लागली. कुणी बाकावर, कुणी ऑफिसात, एक मेला तर चक्क कमोडवर! खाली लिहिलेलं, 'मीही नुसता बसलोय.' मायलेकी पोट धरून हसल्या, किती दिवसांनी. धाकटा आता सुटणारच, असं दोघींनी धरूनच टाकलं.

कोर्टात सरकारी वकिलाने तोच व्हिडिओ लावला. मग पंथ सोडून गेलेल्या एका माणसाला उभं करून विचारलं, "तुमच्या लोकांत बसणं म्हणजे काय?" त्याने मान खाली घालून सांगून टाकलं. "सख्ख्या बहिणीची साक्ष आहे," वकील म्हणाला, "आणि तीही 'नेहमीसारखा' म्हणतेय!" सात वर्षांची शिक्षा लागली. सह्या करणारे थोडे दिवस हळहळले, मग दुसऱ्या कुणासाठी सह्या करायला गेले. त्यांना तरी काय बोल लावायचा?

भेटीच्या दिवशी तो काचेपलीकडे येऊन बसला. तिला वर बघवेना.

"मीच घातलं रे तुला आत. माझ्या जिभेला हाड नाही."

"गप गं, वेडाबाई." तो चक्क हसत होता. "ताई, पहारेकरी सांगत होता ते खरं का? जगभर माणसं माझ्यासाठी बसली?"

तिला आधी समजेचना. मग समजलं. त्याने तो शब्द घरातला धरला होता.

"हो रे," ती म्हणाली. "बसली."

"ओळख ना पाळख, तरी?"

"तरी."

"बघ! म्हणूनच मला आत कधी एकटं वाटलं नाही." त्याचे डोळे भरून आले. "आणि तू? तू बसतेस ना गं?"

शिक्षा लागल्यापासून ती एकदाही बसली नव्हती. डोळे मिटले की कोर्टात घुमलेला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं काही केल्या तोंडातून निघेना.

"नाही रे राजा. मला नाही बसवत आता."

"असू दे," तो म्हणाला. " तुझ्या वाटचं मी बसतो. मला इथे दुसरं काम काय?"

ती तोंडात पदर कोंबून रडली. वेळ संपली तसं पहारेकऱ्याने त्याला उठवलं.